हवेचा पंप आणि बंद पडणारे एंजिन : अमेरिकन मोटारदुरुस्तीच्या इतिहासातील निदानाचा एक प्रश्न (१९६६ ते १९९६)

१

मोटारगाडीचे एंजिन चालता चालता बंद का पडते, हा प्रश्न गॅरेजमधील मिस्त्रीचा मानला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे सहसा कोणास वाटत नाही. परंतु इ. स. १९६६ नंतरच्या अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्निया राज्यात, हा प्रश्न केवळ यंत्राचा राहिला नाही. त्या वर्षापासून तेथे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच नव्या मोटारींच्या एंजिनावर हवेचा एक लहानसा पंप बसू लागला. पुढील पंधरा-वीस वर्षे गाडी सकाळी अडखळली, चौकातल्या दिव्यापाशी उभी असता बंद पडली किंवा उतारावर तिने धडाका काढला, की संशयाचे बोट प्रथम त्या पंपाकडे जाई. पंप फिरविणारा पट्टा काढून टाकावा, हा त्यावरचा लोकमान्य तोडगा होता. कारखान्यांनी छापलेली दुरुस्तीची पुस्तके हा तोडगा निरर्थक ठरवीत. अनुभवी मिस्त्री मात्र त्याने गुण येतो असे छातीवर हात ठेवून सांगत.

या दोन साक्षींपैकी ग्राह्य कोणती, हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही, आणि हा निवाडा केवळ कुतूहलाचाही नाही. पट्टा काढलेली गाडी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन अधिक प्रमाणात बाहेर टाकीत असे, आणि ज्या शहरात ती फिरे त्या शहराची हवा आधीच डोळ्यांना झोंबणारी होती. उलट पक्षी, १९७७ च्या दुरुस्तीनंतर संघराज्याच्या कायद्याने असा पट्टा काढणारा दुरुस्ती-व्यावसायिकही दंडास पात्र ठरू लागला. निदान चुकले तर एकीकडे शहराची हवा आणि दुसरीकडे एखाद्याचा धंदा, अशी दोन्हीकडे झळ होती.

२

पंपाची कथा एंजिनापासून सुरू होत नाही, धुरक्यापासून होते. २६ जुलै १९४३ रोजी लॉस एंजलिस शहरावर इतके दाट धुरके पसरले की ऐन युद्धकाळात नागरिकांना शत्रूच्या विषारी वायूची शंका आली. नंतर संशय शहरातील कृत्रिम रबरासाठी ब्यूटाडीन तयार करणाऱ्या एका नव्या कारखान्यावर गेला. कारखाना काही काळ बंद ठेवण्यात आला, त्याच्या दुर्गंधीचा बंदोबस्तही झाला. धुरके मात्र हटले नाही. जी गोष्ट नवी आहे आणि डोळ्यांपुढे उभी आहे तिलाच दोष द्यावा, ही प्रवृत्ती या प्रकरणात पहिल्या दिवसापासून दिसते, आणि ती पुढेही भेटणार आहे.

धुरक्याचे खरे निदान केले ते कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील एरी हागेन-स्मिट यांनी. हे मूळचे डच जीवरसायनशास्त्रज्ञ अननसाच्या सुगंधातील द्रव्यांचा अभ्यास करीत होते. १९५० च्या सुमारास त्यांनी शहराच्या हवेकडे लक्ष वळविले आणि हायड्रोकार्बन व नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन निर्माण होतो, असे दाखवून दिले. हायड्रोकार्बनाचा मोठा उगम मोटारगाड्यांत होता. लॉस एंजलिस काउंटीचे एक पर्यवेक्षक केनेथ हान यांनी १९५३ पासून मोटार कारखान्यांशी पत्रव्यवहार चालविला. फोर्ड कंपनीकडून त्यांना आलेल्या उत्तराचा आशय असा होता, की हे वायू वातावरणात लवकर विरून जातात व त्यांच्यापासून हवेच्या प्रदूषणाचा प्रश्न उद्भवत नाही.

१९६० साली कॅलिफोर्नियाने मोटारींच्या प्रदूषणाच्या नियंत्रणासाठी स्वतंत्र मंडळ नेमले. कायद्यातील योजना मार्मिक होती : निदान दोन उपकरणांना मंडळाची मान्यता मिळाली म्हणजे नव्या गाड्यांवर असे उपकरण बसविणे सक्तीचे होणार होते. कारखानदारांचे म्हणणे १९६७ पूर्वी काही शक्य नाही असे होते. जून १९६४ मध्ये मंडळाने मोटार कारखान्यांच्या बाहेरच्या कंपन्यांची चार उपकरणे मान्य केली. त्यानंतर दोनच महिन्यांत कारखानदारांना १९६६ च्या गाड्यांतच आपली स्वतःची व्यवस्था बसविता येईल असे आढळून आले. १९६९ साली संघराज्याच्या न्याय खात्याने मोटार उत्पादकांच्या संघटनेवर या उपकरणांच्या बाबतीत आपसांतील स्पर्धा संगनमताने थोपविल्याचा दावा लावला. त्याच वर्षी तो संमतीच्या हुकुमाने मिटला. साक्षीदारांचे हितसंबंध तपासताना हे प्रकरण दृष्टीआड करता येणार नाही. पंप निर्दोष आहे असे सांगणारा कारखानदार तोच होता, ज्याने काही वर्षांपूर्वी धुरही निर्दोष ठरविला होता. मिस्त्रीने त्याच्यावर विश्वास का ठेवावा?

१९६६ च्या मर्यादा अशा होत्या : एक्झॉस्टमध्ये हायड्रोकार्बन दशलक्ष भागांत २७५ आणि कार्बन मोनॉक्साइड शेकडा १.५. त्या गाठण्याचे दोन मार्ग निघाले. जनरल मोटर्स, फोर्ड व अमेरिकन मोटर्स यांनी हवेचा पंप पत्करला. क्रायस्लरने पंप टाळला. कार्ब्युरेटरमधील पेट्रोल कमी करून आणि रिकाम्या चालीत ठिणगी उशिरा पाडून त्याच मर्यादा गाठल्या. दोन मार्ग एकाच वेळी, एकाच राज्यात, एकाच हवामानात चालू होते, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी फार उपयोगाची आहे.

३

पंपाचे कार्य समजून घेतल्याखेरीज त्याच्यावरील आरोपाचा विचार करता येत नाही. सिलिंडरमधून बाहेर पडणारा वायू अतिशय तप्त असतो. त्यात जळण्याजोगे पुष्कळ काही शिल्लक असते, पण प्राणवायू पुरेसा नसतो. एक्झॉस्टच्या झडपेच्या लगतच बाहेरच्या बाजूस ताजी हवा सोडली तर ते जळण तेथेच पुरे होते. एवढ्यासाठी क्रँकशाफ्टच्या पट्ट्यावर फिरणारा, पात्यांचा एक पंप एंजिनाच्या पुढच्या बाजूस बसविला जाई. १९६६ व १९६७ च्या पंपांत तीन पाती व बदलता येणारा हवेचा फिल्टर असे. १९६८ पासून दोन पात्यांचा पंप आला आणि फिल्टरची जागा पुलीमागील पंख्याने घेतली, जो धूळ बाहेर फेकून देई.

पंपाबरोबर आणखी दोन अवयव येत. पहिला म्हणजे एकतर्फी झडप : पट्टा तुटला किंवा एक्झॉस्टमध्ये धडाका झाला तर तप्त वायू उलटा पंपात शिरू नये म्हणून. दुसरा अवयव या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. वेगात असताना चालकाने ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला, की इनटेक मॅनिफोल्डमधील निर्वात वाढतो, तेथे चिकटून राहिलेले पेट्रोल उडून मिश्रण क्षणभर फार दाट होते, सिलिंडरमध्ये ते पुरते जळत नाही, आणि एक्झॉस्टमध्ये पंपाच्या हवेशी गाठ पडून त्याचा स्फोट होतो. तो टाळण्यासाठी आरंभीच्या गाड्यांत ‘गल्प’ नावाची झडप होती. गल्प म्हणजे घोट. ती त्या क्षणी पंपाची थोडी हवा थेट इनटेक मॅनिफोल्डमध्ये सोडून मिश्रण पातळ करी. अमेरिकन कारखान्यांनी १९६८ च्या सुमारास बहुतेक ठिकाणी तिच्याऐवजी ‘डायव्हर्टर’ म्हणजे हवा वळविणारी झडप आणली. ही झडप त्या क्षणी पंपाची हवा बाहेर सोडून देई. ब्रिटिश बनावटीच्या एमजीबीसारख्या गाड्यांच्या अमेरिकन आवृत्त्यांत मात्र घोट घेणारी झडप नंतरही राहिली.

४

आता मूळ आरोप. पंपाची हवा सिलिंडरच्या पुढे, म्हणजे जळण झाल्यानंतर, मिसळते. कार्ब्युरेटरच्या एंजिनात जे घडून गेले त्यावर तिचा परिणाम होण्याचा संभव नाही. याचा पडताळा कोणत्याही मिस्त्रीस घेता येण्याजोगा होता : पंपाचा नळ काढून हवा मोकळी सोडावी आणि एंजिनाच्या रिकाम्या चालीत फरक पडतो का ते पाहावे. निरोगी व्यवस्थेत तो पडत नाही. दुरुस्तीची पुस्तके याच मुद्द्यावर उभी होती आणि तेवढ्यापुरती ती बरोबर होती.

क्रायस्लरची साक्ष त्याहून बोलकी आहे. तिच्या गाड्यांवर पंप नव्हता. तरीही थंड एंजिन बंद पडणे, वेग घेताना अडखळणे, किल्ली काढल्यावरही एंजिन फडफडत राहणे या तक्रारी त्यांच्याही वाट्यास आल्या. किंबहुना पंपाच्या व्यवस्थेस मिश्रण किंचित दाट असलेले चालत असे, कारण उरलेले जळण एक्झॉस्टमध्ये पुरे होई; पंप टाळणाऱ्या व्यवस्थेस ती सवलत नव्हती. १९६८ पासून प्रदूषणाच्या मर्यादा सर्व संस्थानांत लागू झाल्यावर जनरल मोटर्सनेही आपल्या अनेक गाड्यांत पंपाविना पातळ मिश्रणाचा मार्ग धरला. एंजिने बंद पडत होती, यात शंका नाही. पण ती पंप असलेल्या व नसलेल्या अशा दोन्ही गाड्यांत पडत होती. तेव्हा कारण दोहोंना समान असलेल्या गोष्टींत शोधावयास हवे.

अशा गोष्टी पुष्कळ होत्या. पेट्रोल पूर्ण जळण्यास एका भागास सुमारे १४.७ भाग हवा लागते. पण थंड एंजिनात पेट्रोलचा बराच अंश वाफ न होता भिंतींना चिकटून राहतो, म्हणून तेथे मिश्रण मुद्दाम दाट करावे लागते. ते काम चोकचे. कार्बन मोनॉक्साइड कमी करावयाचा म्हणून स्वयंचलित चोक लवकर उघडेल असा बेतला गेला, आणि एंजिन पुरते तापण्यापूर्वीच मिश्रण पातळ होऊ लागले. सकाळी पहिल्या चौकात गाडी बंद पडण्याचे हे सर्वांत साधे कारण होय. रिकाम्या चालीत ठिणगी उशिरा पडत असल्याने एंजिन तापे व मंदावे. ते चालू राहावे म्हणून थ्रॉटल थोडा अधिक उघडा ठेवावा लागे. आणि थ्रॉटल उघडा राहिल्याने किल्ली काढल्यावरही तप्त सिलिंडरमध्ये आपोआप जळण चालू राही. याला मिस्त्री ‘डीझेलिंग’ म्हणत. त्यावर उपाय म्हणून विजेवर चालणारा एक लहान सोलेनॉइड आला : किल्ली चालू असेपर्यंत तो थ्रॉटल उघडा धरी व किल्ली काढताच सोडून देई. हा सोलेनॉइड निकामी झाला की थ्रॉटल किल्ली चालू असतानाच अतिरिक्त मिटे, आणि एंजिन चौकात बंद पडे. न थांबणाऱ्या एंजिनावरचा उपाय एंजिन थांबविणारा ठरला. १९७३ मध्ये नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी एक्झॉस्टचा काही भाग पुन्हा सिलिंडरमध्ये फिरविणारी झडप सर्रास आली. ती रिकाम्या चालीत उघडी अडकून राहिली तर एंजिन धडपणे चालतच नसे.

येथपर्यंत पंप निर्दोष ठरतो. परंतु खटला येथे संपत नाही, आणि दुरुस्तीच्या पुस्तकांचा एकांगीपणा येथूनच दिसू लागतो. पंप म्हणजे केवळ पंप नव्हे. घोट घेणारी झडप उघडी अडकली, किंवा तिचा पडदा फाटला, तर हवा सतत इनटेक मॅनिफोल्डमध्ये शिरू लागे; रिकाम्या चालीत थ्रॉटलमधून जाणारी हवा मुळातच थोडी असल्याने ही चोरवाट मिश्रण इतके पातळ करी की एंजिन थरथरून बंद पडे. डायव्हर्टर झडपेस मॅनिफोल्डमधील निर्वाताची एक रबरी नळी जोडलेली असे. एंजिनाच्या उष्णतेने ती तडकली की परिणाम तोच. पंपाचा बेअरिंग बसून तो आवळला गेला तर पट्टा किंचाळे, आणि रिकाम्या चालीतील अशक्त एंजिनास ते ओझे पेलत नसे. ‘पंपामुळे गाडी बंद पडते’ हे मिस्त्रीचे विधान शब्दशः खोटे असले तरी पंपाच्या परिवाराविषयी ते अनेकदा खरे होते. पुस्तकांत पंप व झडपा यांची प्रकरणे वेगळी असत. गॅरेजमध्ये तो सारा एकच डोलारा होता आणि त्याला एकच नाव होते.

मग पट्टा काढल्याने गुण येई तो कसा? पट्टा काढणारा सहसा तेवढ्यावर थांबत नसे. नळ्या काढून त्यांची तोंडे तो बोळा घालून बंद करी. म्हणजे जी चोरवाट एंजिन बंद पाडीत होती तीच बुजविली जाई. त्याबरोबर कार्ब्युरेटरचा स्क्रू थोडा फिरवून मिश्रण दाट केले जाई आणि ठिणगी थोडी पुढे आणली जाई. तीन उपाय एका वेळी केले आणि श्रेय डोळ्यांना दिसणाऱ्या एकास गेले. वैद्यकाच्या इतिहासाचा परिचय असणाऱ्यांस हा प्रकार नवा वाटणार नाही. १९४३ च्या ब्यूटाडीनच्या कारखान्यास मात्र असे श्रेयही मिळाले नव्हते, कारण त्याला कुलूप लावल्यावर धुरके तसेच राहिले.

काळजीपूर्वक निदान अशक्य होते असे मात्र नाही. एंजिन केव्हा बंद पडते, थंड असता की तापल्यावर, उभे असता की पाय उचलल्यावर, हे आधी विचारावे. मग मॅनिफोल्डवर व्हॅक्यूम गेज लावावा. निरोगी एंजिनाच्या रिकाम्या चालीत त्याचा काटा समुद्रसपाटीस पाऱ्याच्या सुमारे १७ ते २१ इंचांवर स्थिर असतो. तो खाली पण स्थिर असेल तर हवेची गळती किंवा उशिराची ठिणगी. नळ्या एकेक करून चिमटीत दाबाव्यात. ज्या नळीने चाल सुधारेल तिच्या टोकाशी दोष. पंपाच्या बाजूची रबरी नळी जळून कडक झालेली दिसली तर एकतर्फी झडप गेली व तप्त वायू मागे आला असे समजावे. पंपच आवाज करतो की पट्ट्यावरचे दुसरे काही, हे कळण्यासाठी पट्टा काढून एंजिन क्षणभर चालवावे आणि पट्टा पुन्हा घालावा. या शेवटच्या तीन शब्दांचा विसर पडण्याने पुष्कळ इतिहास घडला.

उपकरणांनीही गोंधळात भर घातली. अवरक्त किरणांनी एक्झॉस्टमधील कार्बन मोनॉक्साइड मोजणारी यंत्रे गॅरेजांत येऊ लागली, तेव्हा असे आढळले की पंप चालू असता त्यांच्या आकड्यावरून मिश्रणाचा अंदाज बांधता येत नाही. पंपाची ताजी हवा मिसळून वायू पातळ झालेला असतो. म्हणून कार्ब्युरेटर जुळविताना पंपाची हवा तात्पुरती तोडावी, अशी सूचना पुस्तकांतच असे. पंप तोडल्याविना एंजिनाची खरी प्रकृती कळत नाही, हा पाठ कारखान्यानेच दिला आणि मिस्त्रीने तो आपल्या परीने विस्तारला.

५

निदानाच्या इतिहासात शब्दांचा वाटा मोठा असतो. इंग्रजीत एंजिन बंद पडण्यास जो ‘स्टॉल’ शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ गोठ्यातील जनावराची उभे राहण्याची जागा. चिखलात रुतून उभ्या राहिलेल्या गाडीघोड्यासही तो लागे. संस्कृत ‘स्थल’ शब्दाशी त्याचे दूरचे नाते सांगितले जाते. शब्द स्थितीचा आहे, कारणाचा नाही. गॅरेजमध्ये गाडी घेऊन येणाऱ्याच्या सगळ्याच शब्दांचे असे आहे. मराठी गाडीमालकही ‘मिसिंग करते’, ‘झटके देते’, ‘पिकअप घेत नाही’, ‘उभी राहिली की बंद पडते’ असे सांगतो, आणि त्यांतील प्रत्येक उक्ती मिस्त्रीस लक्षण म्हणून ऐकावी लागते.

पातळ मिश्रणाच्या त्या वर्षांत अमेरिकन अभियंत्यांच्या लिखाणात ‘ड्रायव्हेबिलिटी’ म्हणजे गाडीची चालविण्यायोग्यता ही संज्ञा रूढ झाली. तेल व मोटार उद्योगांच्या समन्वयाने संशोधन करणाऱ्या परिषदेने या गुणाची मोजदाद करण्यासाठी पद्धत बसविली. प्रशिक्षित परीक्षक ठरलेल्या क्रमाने गाडी चालवी आणि प्रत्येक व्यंगास उणे गुण देई. त्यासाठी शब्दांच्या व्याख्या कराव्या लागल्या : ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडीने क्षणभर उत्तर न देणे ही ‘हेझिटेशन’, गाडी चालू लागल्यावर वेग घेताना एकदम बसणारा आखूड झटका हा ‘स्टंबल’, लयीने कमीजास्त होणारी शक्ती ही ‘सर्ज’, आणि किल्ली चालू असता एंजिनाचे थांबणे हा ‘स्टॉल’. तीव्रतेच्याही पायऱ्या ठरल्या. बोलीतील शब्दांना असा काटेकोर अर्थ देण्याचे काम कोशकारास हेवा वाटावा इतके नेटके होते. दुर्दैव असे, की हा कोश प्रयोगशाळेच्या बाहेर फारसा आला नाही. गॅरेजच्या दारात ‘गाडी नीट चालत नाही’ एवढेच वाक्य येत राहिले.

अवयवांच्या नावांचा प्रकार याच्या उलट होता. तेथे एका वस्तूला नावे अनेक. जनरल मोटर्सची ती ‘एअर इंजेक्शन रिॲक्टर’, फोर्डची ‘थर्मॅक्टर’, अमेरिकन मोटर्सची ‘एअर गार्ड’. वळविणाऱ्या झडपेस कोणी डायव्हर्टर म्हणे, कोणी बायपास. फोर्डवर शिकलेला मिस्त्री शेवरोलेच्या पुस्तकात थर्मॅक्टर शोधू लागला तर त्याला काही सापडणार नव्हते. नावांची ही विविधता व्यापारी अभिमानातून आली होती आणि निदानाच्या ज्ञानाचा प्रसार तिने रोखला, असे म्हणण्यास हरकत नाही.

६

३१ डिसेंबर १९७० रोजी मंजुरी मिळालेल्या कायद्याने हायड्रोकार्बन व कार्बन मोनॉक्साइड यांत १९७५ पर्यंत शेकडा ९० कपात मागितली. ती मुदत पुढे सरकली, तरी १९७५ च्या बहुतेक अमेरिकन गाड्यांवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. पंपाचे काम आता कन्व्हर्टरला प्राणवायू पुरविण्याचे झाले. नियंत्रणव्यवस्थेत हात घालण्यास कायद्याने प्रथम कारखानदार व विक्रेते यांना, १९७७ मध्ये दुरुस्ती-व्यावसायिकांना आणि १९९० मध्ये सर्वांनाच मनाई केली. ही पायरी पायरीने वाढत गेलेली मनाईच लोक काय करीत होते याचा पुरावा आहे. पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७८ पासून रस्त्यावरील गाड्या तपासून अशा फेरफारांची पाहणी सुरू केली. तीत पंपाचा पट्टा जागेवर आहे की नाही हेही पाहिले जाई. कॅलिफोर्नियात १९८४ पासून गाड्यांची नियतकालिक धूर-तपासणी सुरू झाली.

याच सुमारास पंपाविषयीच्या जुन्या युक्तिवादाचा पायाच बदलला. १९७७ मध्ये व्होल्व्होने कॅलिफोर्नियासाठी एक्झॉस्टमधील प्राणवायू ओळखणाऱ्या संवेदकासह गाडी आणली. १९८१ पर्यंत जनरल मोटर्सच्या गाड्यांत संवेदक व संगणक सर्वसाधारण झाले. संवेदक एक्झॉस्टमधील प्राणवायूवरून मिश्रण पातळ की दाट हे सांगतो आणि संगणक त्याप्रमाणे पेट्रोल कमीजास्त करतो. आता पंपाची हवा एंजिन थंड असेपर्यंत एक्झॉस्टच्या झडपांपाशी जाई आणि तापल्यावर संवेदकाच्या पुढे, कन्व्हर्टरमध्ये, वळविली जाई. ही वळविणारी झडप अडकली आणि हवा झडपांपाशीच जात राहिली तर संवेदकाला प्राणवायू भरपूर दिसे. मिश्रण पातळ आहे असे समजून संगणक पेट्रोल वाढवीत जाई. प्लग काळे पडत, चाल बिघडे, एंजिन बंद पडे. ‘पंपाची हवा एंजिनाच्या मागे असते, तिचा आत परिणाम होत नाही’ हे १९६६ चे बिनतोड उत्तर १९८१ मध्ये खोटे ठरले. ज्या मिस्त्रीला पंधरा वर्षे अडाणी म्हटले गेले, त्याचे वाक्य आता यंत्ररचनेनेच खरे केले; आणि ते त्याला स्वतःला उमगले असेल असेही नाही, कारण लुकलुकणाऱ्या दिव्याने तो संगणकाचे आकडे मोजीत असे, आणि आकडा ‘एक्झॉस्ट पातळ’ एवढेच सांगे.

आकड्यांची ही भाषाही प्रथम प्रत्येक कारखान्याची वेगळी होती. जनरल मोटर्समध्ये डॅशबोर्डखालच्या जोडणीतील दोन टोके जोडली की दिवा आधी बारा दाखवी, म्हणजे यंत्रणा जागी आहे. चव्वेचाळीस म्हणजे पातळ, पंचेचाळीस म्हणजे दाट. १९९० च्या दशकाच्या आरंभी अभियंत्यांच्या संस्थेने अवयवांच्या नावांचे प्रमाणीकरण केले. कॅलिफोर्नियाच्या नव्या नियमांनी तीच नावे सक्तीची केली, आणि १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींत एकच संकेतपद्धती आली. थर्मॅक्टर गेला, एअर गार्ड गेला. उरली ‘दुय्यम हवा’. तिच्या दोषाचा संकेत पी ०४१०, हवेचा प्रवाह चुकीचा असल्याचा पी ०४११. त्यातील चार हा आकडा प्रदूषण-नियंत्रणाच्या गटाचा. ठिणगीचे व जळण चुकण्याचे दोष तीनमध्ये, रिकाम्या चालीचे पाचमध्ये. एंजिन बंद पडणे आणि पंप बिघडणे ही दोन प्रकरणे प्रथमच दोन वेगळ्या खणांत पडली.

तोवर पंपही पट्ट्याचा राहिला नव्हता. विजेच्या मोटारीवर चालणारा, थंड एंजिन सुरू झाल्यावर थोडाच वेळ फिरणारा नवा पंप पसरत होता. त्याचा मोठा शत्रू ओलावा : एकतर्फी झडप गळू लागली की एक्झॉस्टमधील वाफ मागे येऊन पंपात साचते, पाती गंजतात, थंड प्रदेशांत ती गोठतातही. अशा वेळी पंप बदलून झडप तशीच ठेवली तर नवा पंपही त्याच वाटेने जातो. त्याची तपासणी मात्र आता संगणक स्वतः करतो. अनेक गाड्यांत एंजिन तापल्यावर तो पंप मुद्दाम काही सेकंद चालू करतो आणि संवेदकाकडे पाहतो. संवेदकाने मिश्रण पातळ झाल्याची खूण दिली तर पंप निरोगी. ती न दिली तर दोषाचा संकेत नोंदविला जातो.